मापाचा दीर

बँकेच्या मॅनेजरांनी नवा कोट अंगात चढवला, आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचा उजवा हात आपोआप पाठीमागे निघाला. त्यांनी तो ओढून पुढे आणला. सोडला की पुन्हा मागे. कोटाला बाह्या दोनच होत्या, पण दोन्ही डाव्या.

शिवणाच्या दुकानात दिवसभर टाचण्या पडत असतात, कुणी मान वर करत नाही. त्या क्षणी एक पडली ती मात्र सगळ्यांना ऐकू आली. शिंपीमास्तरांच्या हातून आजवर कॉलर वाकडी गेली नव्हती. लग्नाच्या दिवशी बोहल्यावरसुद्धा त्यांचं लक्ष समोरच्या माणसाच्या खांद्याच्या शिलाईकडे होतं म्हणतात. आणि आता हे.

मॅनेजर सभ्य माणूस. "तसा बसलाय चांगला," ते मागे गेलेल्या हाताकडे बघत म्हणाले.

मग सगळ्यांच्या नजरा वळल्या काकूंकडे. काकू म्हणजे मास्तरांची बायको. कापड मास्तर कापत, बाकी सगळं काकू कापत. एक बटण हरवलं तर त्यांचा आवाज कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाई आणि बेकरीवाला पाव बाजूला ठेवून आपल्याच शर्टाची बटणं मोजी. दोन डाव्या बाह्यांना काय होईल, या विचाराने काज-बटणाला बसलेले धाकटे दीर हळूच टेबलाखाली सरकले.

काकूंनी कोट बघितला. मग नवऱ्याचं तोंड बघितलं. खडूसारखं पांढरं पडलं होतं. आणि काकूंच्या तोंडून जन्मात निघालं नव्हतं ते निघालं.

"असू दे," त्या हळूच म्हणाल्या. "होतं असं. वय झालं आता."

मास्तरांनी एकदा बायकोकडे पाहिलं, गळ्यातली टेप काढून खिळ्याला अडकवली, जिना चढून वरच्या घरात गेले आणि खिडकीपाशी खुर्चीत बसले. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

बोलले नाहीत म्हणजे कुणाशीच नाही आणि कशाबद्दलच नाही. चहा हवा का, तर मान. जेवता का, तर मान. खाली एका हॉटेलच्या नोकरांच्या गणवेशांचं काम येऊन पडलेलं, जांभळ्या कापडाचे तागे छताला लागलेले, आणि कात्री धरणारा माणूस वर खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत बसलेला. काम जाईल ही काळजी होतीच. पण काकूंना रात्रंदिवस खात होतं ते वेगळंच. एवढ्या वर्षांत त्या बोलायच्या आणि मास्तर मध्येच "हं" म्हणायचे. त्या "हं"वर काकूंचा सगळा संसार उभा होता, हे तो बंद झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"आई, बाबांना मानसशास्त्रज्ञाकडे न्यायला हवं," सूनबाई म्हणाली. सूनबाई विमा कंपनीत नोकरीला, नवरा कंपनीच्या कामाने कायम फिरतीवर, त्यामुळे घरात शहाणपण सांगायची जबाबदारी तिच्या एकटीवर आलेली.

काकूंच्या हातातली इस्त्री हातातच राहिली. "वेड्यांच्या डॉक्टरकडे? माझ्या नवऱ्याला?"

"वेड्यांचा नाही हो. मनाचा. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक जातात."

"मग ऑफिस चालवतं कोण?"

"आई, थट्टा नको. त्यांना धक्का बसलाय. आणि एक करा, तोवर आवाज चढवू नका. हळू बोला. गोड बोला."

हे औषध काकूंनी मनावर घेतलं. त्या हळू बोलायला लागल्या. आता, काकूंचा हळू आवाज म्हणजे कपाटातून कुणीतरी कुजबुजल्यासारखा. तो ऐकायची कुणाला सवयच नव्हती. दूधवाल्याने दाराशी टोपी काढून विचारलं, "काकू, घरात कुणी गेलं का?" मास्तरांना त्या म्हणाल्या, "अहो, जरा दोन घास खाऊन घेता का?" तर मास्तरांच्या हातातला घास खाली पडला. त्यांना इतकी वर्षं "गिळा आता" हेच ठाऊक होतं.

गोड बोलून माणूस आणखीच वाळत चालला, तेव्हा काकूंनी ठरवलं. मनाचा तर मनाचा. पण माणूस परवान्याचा हवा.

परवान्याच्या बाबतीत काकूंशी कुणी वाद घालू नये. दुकानाचा परवाना इस्त्रीच्या टेबलावर काचेच्या चौकटीत लावलेला, रोज सकाळी पुसलेला. कापडाला हात लावायला सरकारचा शिक्का लागतो, तर मनाला हात लावणाऱ्याला नको? आणि माणूस आपल्याच भागातला हवा. पण आपल्या रस्त्यावरचा नको.

"हे बघा," सूनबाईने मोबाइल पुढे धरला. "हे सगळे जवळचे. ह्याला पाच तारे आहेत."

"तारे दिले कुणी?"

"पेशंटांनी."

"मनाच्या पेशंटांनी? ज्यांना स्वतःचं कळेना ते ह्याला तारे देणार? ठेव तो फोन."

काकू स्वतः निघाल्या. फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर 'मनःशांती मार्गदर्शन' अशी पाटी होती. आत एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते.

"या. तुम्ही दुःखी आहात," डोळे न उघडता ते म्हणाले.

"मी चपला काढतेय. परवाना कुठाय तुमचा?"

गृहस्थांनी एक डोळा उघडला. "परवाना कागदावर नसतो, माई. तो अनुभवात असतो."

"आमचा अनुभव तुमच्या वयापेक्षा मोठा आहे, तरी चौकटीत कागद लावलाय."

"खरं तर तो नूतनीकरणाला गेलाय."

"मग तुम्हीही जा त्याच्याबरोबर," काकू म्हणाल्या आणि काढलेल्या चपला पुन्हा घालून खाली उतरल्या.

शेवटी औषधवाल्याला विचारायची पाळी आली. हा मोठा धोका होता, कारण औषधवाल्याला सांगितलेलं खोकल्याच्या औषधाबरोबर घरोघर पोचतं. काकू काउंटरवर झुकल्या आणि हळू आवाजात, म्हणजे आता सवयीच झालेल्या त्या कपाटातल्या आवाजात, म्हणाल्या, "आपल्या भागात मानसशास्त्रज्ञ कोण? परवानाधारक."

"आहेत ना एक बाई. मागच्या रस्त्याला, दातांच्या डॉक्टरच्या वर. उत्तम आहेत." मग त्याचाही आवाज खाली आला. "कुणासाठी?"

"आहे एक ओळखीतला माणूस."

"जवळच्या ओळखीतला?"

"बऱ्यापैकी."

औषधवाल्याने रस्त्यापलीकडे वर पाहिलं. खिडकीत मास्तर बसलेले होते. त्याचे डोळे भरून आले. "काही लागलं तर सांगा, काकू," तो म्हणाला. काकू तिथून सटकल्या.

मानसशास्त्रज्ञ बाई तरुण होती, बोलायला साधी, पायात सपाट चपला. काकूंनी नमस्काराच्या आधी भिंत गाठली. परवान्यावरच्या एकेका अक्षराखाली बोट फिरवत, ओठ हलवत त्यांनी तो पुरता वाचला. मग शिक्का जवळून बघितला.

"मुदत संपलेली नाही ना?"

"नाही. याच वर्षी नूतनीकरण झालंय," बाई हसली. "छान वाटलं, कुणी बघतच नाही हो."

"बघायला हवं. तुमच्या पडद्याची दुमड उसवलीय, तीही कुणी बघितलेली दिसत नाही. असो. शिवणाच्या दुकानातल्या मास्तरांसाठी वेळ हवी."

"काय त्रास होतोय त्यांना?"

"बोलत नाहीत."

"ते स्वतः येतील ना? त्यांची इच्छा आहे ना यायची?"

"माणूस वेळेवर येईल," काकू म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. तोवर त्यांनाही तसंच वाटत होतं.

पण ठरलेल्या दिवशी त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "चला ना, जरा दोघं फिरून येऊ या का?" तर मास्तरांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की काकूंनी हात काढून घेतला. ते उठले, पलंगावर आडवे झाले आणि त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

काकू खाली दुकानात येऊन बसल्या. वेळ घेतलेली, बाई वाट बघणार, आणि माणूस चादरीत. तेवढ्यात कोर्टाचा शिपाई आला आणि त्याने काउंटरवर एक घडी केलेला शर्ट ठेवला.

"न्यायाधीशसाहेबांचा मापाचा शर्ट. साहेबांना यायला वेळ नाही. याच्यावरून नवीन बेता."

हे रोजचंच. मोठी माणसं शिंप्याकडे स्वतः येतात कुठे? अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा पाठवतात, त्यावरून नवा शिवला जातो आणि तो साहेबांना बरोबर बसतो. साहेब कसे दिसतात हेसुद्धा शिंप्याला माहीत नसतं. काकूंनी शर्टाकडे पाहिलं. मग कोपऱ्यात बटणं लावत बसलेल्या दिराकडे पाहिलं. पुन्हा शर्टाकडे पाहिलं.

दिराला सगळे 'बटण' म्हणत. जन्मभर काज-बटणच केलं, म्हणून. तीच उंची, तोच पुढे आलेला खांदा, खोकलासुद्धा मोठ्या भावाच्याच सुरातला. आणि स्वभाव विचाराल तर एकाच ताग्यातून कापलेले दोघं.

"भाऊजी, उठा. केस विंचरा."

"काय झालं, वहिनी?"

"मनाच्या बाईकडे जायचंय. तुमच्या दादांचं माप घेऊन."

"दादांचं माप? कुठाय?"

"तुम्हीच."

बटणभाऊजींच्या तोंडात दोरा होता, तो त्यांनी गिळला. "वहिनी, मी? पण मला काही झालेलं नाही!"

"शर्टाला काही झालेलं असतं का? तो नुसता जाऊन पडतो टेबलावर. तुम्हीही जाऊन बसा. नाव दादांचं सांगायचं. बाई विचारील काय झालं, तर म्हणायचं दोन डाव्या बाह्या. मग गप्प. बाई उपाय सांगेल तो ऐकून यायचं, आपण इथे दादांवर चढवू. कमी-जास्त असेल ते मी बघते."

"पण हे असं चालतं का?"

"न्यायाधीशाला चालतं आणि तुम्हाला नाही?"

बटणभाऊजींनी जन्मात वहिनीला नाही म्हटलं नव्हतं. ते केस विंचरून गेले.

परत आले तेव्हा डोळे लाल आणि नाक त्याहून लाल. काकूंनी स्टूल पुढे सरकवलं. "काय सांगितलं बाईनं?"

"ते खासगी आहे, वहिनी."

काकूंना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय आहे?"

"खासगी. खोलीत बोललेलं खोलीतच राहतं, असं बाई म्हणाल्या."

"अहो, खोलीत पाठवलं कुणी तुम्हाला? उपाय सांगा!"

"उपाय असा लगेच नसतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय." मग बटणभाऊजींनी एक मोठा श्वास घेतला, तो नाकाने आत ओढला आणि तोंडाने सोडला, आणि म्हणाले, "आणि वहिनी, मला सगळे बटण म्हणतात ते मला आवडत नाही."

काकू स्टूलावर बसल्या. दिरासाठी पुढे सरकवलेलं स्टूल त्यांनाच लागलं.

ते तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. दुसऱ्यांदा जाऊन आल्यावर बटणभाऊजी दुपारी फिरायला जायला लागले. तिसऱ्यांदा जाऊन आल्यावर काही दिवसांनी काकूंनी इस्त्री तापवायला सांगितली, तर ते म्हणाले, "नाही. हातातलं झाल्यावर." तो 'नाही' इतका स्वच्छ आणि शांत होता की काकूंनी इस्त्री स्वतःच तापवली. त्याच संध्याकाळी ते जिना चढून वर गेले, खिडकीपाशी बसलेल्या थोरल्या भावाच्या गळ्यात पडले आणि हमसून हमसून रडले.

"दादा, तू फार चांगला आहेस रे. मी कधी बोललो नाही तुला. वेळेवर बोलायला हवं होतं!"

मास्तरांच्या तोंडावर उरलासुरला रंग होता तोही उतरला.

"हे काय होऊन बसलं!" काकू खाली येऊन जांभळ्या ताग्यांना सांगत होत्या. "मी माप म्हणून शर्ट दिला आणि त्या बाईनं मापाचा शर्टच उसवून नव्याने शिवला! ज्याच्यासाठी शिवायचा तो अजून खिडकीत!"

सूनबाई नेमकी दारात उभी होती. "कसला शर्ट, आई?"

काकूंनी सांगितलं. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. सूनबाईच्या हातातून पर्स पडली, डबा पडला, छत्री पडली.

"बाबांच्या जागी काकांना पाठवलंत? मानसशास्त्रज्ञाकडे?"

"एकाच ताग्यातले आहेत दोघं."

"आई, मन म्हणजे पँट नाही हो! ज्याचं त्यालाच जावं लागतं!"

"मग ते दारावर लिहायला हवं. आमच्या दारावर लिहिलंय, दुरुस्तीची कामं घेतली जाणार नाहीत म्हणून."

"उद्या जाऊन त्या बाईंना सगळं खरं सांगा. माफी मागा. आणि बाबांना कसंही करून घेऊन जा."

माफी हा शब्द काकूंना जरा अंगाला घट्ट होत असे. पण दुसऱ्या दिवशी त्या तयार झाल्या. चेहऱ्यावर गोडवा आणला, आवाज खाली आणला आणि जिना चढल्या. "अहो, ऐकता का..."

खुर्ची रिकामी होती. पलंग रिकामा. चादर घडी घातलेली.

काकूंनी न्हाणीघर बघितलं, कपाट बघितलं, पलंगाखाली वाकून बघितलं. मास्तरांच्या चपला नव्हत्या. माणूस इतक्या दिवसांत एकदा डोकेदुखीचं मलम आणायला खाली उतरला होता, एरवी उंबरा ओलांडला नव्हता. त्या जिना कशा उतरल्या ते त्यांना कळलं नाही. खाली दिराची खुर्चीही रिकामी. आज त्यांचा बाईकडे जायचा दिवस.

"मास्तर दिसले का?" त्या औषधवाल्याच्या काउंटरवर जवळजवळ आदळल्याच.

"आत्ताच गेले इथून." औषधवाल्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "मी त्यांना धीर दिलाय, काकू. परवा मलम घ्यायला आले तेव्हाही दिला होता. म्हटलं, मन घट्ट करा, शेवटी सगळं त्याच्या हातात."

"कुणाच्या हातात? काय बडबडताय! गेले कुठे?"

"बटणभाऊंच्या मागे मागे गेले. भिंतीच्या कडेकडेनं, लपत."

काकू धावल्या. त्या शेवटच्या कधी धावल्या होत्या ते त्यांनाही आठवत नव्हतं. बेकरीवाल्याने त्यांना धावताना पाहिलं आणि उगाचच दुकानाचं दार लावून घेतलं. दातांच्या डॉक्टरचा जिना त्या दोन दोन पायऱ्या टाकत चढल्या. मनात एकच: मास्तर सापडू देत, आयुष्यभर हळू बोलेन.

बाहेरच्या खोलीत मास्तर खुर्चीत बसले होते. शेजारी बटणभाऊजी उभे होते, आणि आतल्या दारात मानसशास्त्रज्ञ बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. ती एरवी शांत बाई. पण आता तिच्याही हातातलं पेन वाकडं झालं होतं.

"एक मिनिट," ती म्हणत होती. "तुमच्यापैकी मास्तर कोण?"

"हे," बटणभाऊजी म्हणाले.

"मग तुम्ही? गेले तीन आठवडे माझ्याशी बोलताय ते तुम्ही कोण?"

बटणभाऊजींनी खाली बघितलं. "मी माप."

बाईने दाराची चौकट धरली. तेवढ्यात तिला धापा टाकत असलेल्या काकू दिसल्या. "काकू! हे काय चाललंय?"

काकू काही बोलणार, त्याआधी मास्तर उठले. त्यांनी तोंड उघडलं. घसा इतके दिवस वापरात नव्हता, त्यामुळे आधी नुसताच गंजलेल्या कडीसारखा आवाज आला. मग शब्द आले.

"बाई, मला खरं सांगा. हिला काय झालंय?"

"कुणाला?" बाई म्हणाली.

"हिला. माझ्या बायकोला."

काकूंना नवऱ्याचा आवाज ऐकून रडू यायला हवं होतं, ते येतच होतं, पण तो आवाज काय म्हणतोय हे कळल्यावर ते आल्या वाटेने परत गेलं.

"मला?" त्या म्हणाल्या.

"तू गप्प बस, तुला त्रास होईल," मास्तर त्यांना म्हणाले, आणि त्यांनीही असं बोलायची ही पहिलीच वेळ होती. मग ते बाईकडे वळले. "आधी मी समजलो मलाच काहीतरी मोठं झालंय. मॅनेजरच्या कोटाला मी दोन डाव्या बाह्या लावल्या. दोन, बाई! त्यावर ही म्हणाली, असू दे. त्याच वेळी मला शंका आली. म्हटलं, डॉक्टरनं हिला माझं काहीतरी सांगितलेलं दिसतंय. मग ही हळू बोलायला लागली. जेवता का म्हणायला लागली. औषधवाला हात धरून मन घट्ट करा म्हणतो. हा माझा भाऊ गळ्यात पडून रडतो, वेळेवर बोलायला हवं होतं म्हणतो. मी म्हटलं, आवरलं आपलं. मरणाऱ्या माणसानं गणवेश कशाला कापायचे? बोलायचं तरी काय? मी बोललो असतो तर ही रडली असती. म्हणून गप्प राहिलो."

"दादा!" बटणभाऊजी म्हणाले.

"थांब रे. आज मी याच्या मागे आलो. म्हटलं, माझे रिपोर्ट आणायला कुठे जातो ते तरी बघू. आणि खाली पाटी वाचली. मनाचे डॉक्टर! तेव्हा लख्ख उजेड पडला. मी नाहीच आजारी. ही आहे. तुम्हीच सांगा, बाई, दोन डाव्या बाह्या बघून जी बाई असू दे म्हणते, तिचं डोकं ठिकाणावर आहे का? मी तिकडे स्वतःच्या मरणाचा विचार करत बसलो आणि इकडे ही हातची चालली." त्यांनी डोळे पुसले. "सांगा, बरी होईल ना ही?"

बाईने ओठ घट्ट मिटून घेतले होते. हसू येऊ नये म्हणून की रडू, हे कळत नव्हतं. "मास्तर," ती जपून म्हणाली, "मला वाटतं हे तुम्ही त्यांनाच विचारा."

मास्तर वळले. "अगं, तुला होतंय तरी काय?"

काकूंच्या आत त्या कोटाच्या दिवसापासून साठलेलं होतं. हळू बोलून, गोड बोलून, गिळून गिळून साठलेलं. ते सगळं एकदम वर आलं.

"मला काय होतंय? मला?" पहिल्याच शब्दाला खिडकीची काच थरथरली. "अहो, वीतभर आजार नाही अंगात आणि मरायला बसलात खिडकीत! माझ्या डोळ्यांदेखत! मी परवाने वाचत गावभर हिंडतेय, जिने चढतेय, डोळे मिटलेल्या भामट्यांपुढे चपला काढतेय, आणि तुम्ही तिकडे सुतकात! चष्म्याचा नंबर वाढलाय, बदला बदला म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, तर नाही! मग डावं-उजवं कळणार कसं? दोन डाव्या बाह्या! त्या मॅनेजरानं जेवायचं कसं? पाठीमागून? असू दे म्हटलं ते तुमचं तोंड खडूसारखं झालं होतं म्हणून! जीव कळवळला म्हणून! एकदा, जन्मात एकदा मी मायेनं बोलले, तर त्याचं हे फळ! आता पुन्हा बोलेन मायेनं? बोलेन का? आणि मरायचं होतं तर मला न विचारता? गणवेश कोण कापणार होतं, तुमचं भूत?"

बटणभाऊजी सवयीने खुर्चीमागे सरकले, मग आठवण झाल्यासारखे पुन्हा पुढे येऊन ताठ उभे राहिले. खालून दातांचा डॉक्टर वर आला, त्याच्यामागे एक पेशंट तोंड उघडं ठेवूनच. काकूंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या आता मलमावर आल्या होत्या, तिथून चादरीवर, आणि चादरीवरून सासरच्या सगळ्या मुक्या माणसांवर. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना सवड नव्हती.

मास्तर ऐकत होते. त्यांच्या गालांवर रंग चढत होता. एकदा, काकूंनी श्वास घेतला तेवढ्या फटीत, ते म्हणाले, "हं."

काकू क्षणभर अडखळल्या. मग दुप्पट जोराने सुरू झाल्या.

शेवटी मानसशास्त्रज्ञ बाईने एक हात वर केला. "काकू, तुमचं सगळं बरोबर आहे, पण जरा हळू. खाली लोक..."

मास्तरांनी तिला हातानेच थांबवलं. एक खुर्ची ओढून काकूंच्या अगदी समोर ठेवली आणि तीत ऐसपैस मांडी घालून बसले.

"नको हो, बाई, अडवू नका तिला," ते म्हणाले. "किती दिवसांनी तोंड उघडलंय तिनं."